मशीनवरचा टॅक्स परत येतो, मग शेडवरचा का नाही?

जळगावच्या एमआयडीसीत पाइपांचे, चटयांचे, ठिबकच्या नळ्यांचे कारखाने आहेत. त्यातल्या एखाद्याने कारखाना वाढवायला घेतला की दोन मोठी बिलं हातात हात घालून येतात. एक परदेशातून मागवलेल्या मशीनचं, दुसरं त्या मशीनसाठी बांधलेल्या शेडचं. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. वर्षाचा हिशोब लावताना सीए सांगतो, मशीनवरचा टॅक्स जमा धरू, शेडवरचा धरता येणार नाही. त्यावर समोरून हमखास प्रश्न येतो: "मग तो पैसा परत भेटी का नही?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नीट समजलं तर आयात आणि बांधकाम या दोन्ही ठिकाणचा कर समजतो. कारखानदारालाच नव्हे, स्वतःचं घर बांधणाऱ्या माणसालाही ते कामाला येतं.

आधी मूळ कल्पना. मूल्यवर्धित कर, म्हणजे आपला जुना व्हॅट आणि आजचा जीएसटी, हा व्यापाऱ्यावरचा कर नाही. व्यापारी तो गोळा करतो एवढंच. पाइपवाल्याने १०० रुपयांचा प्लास्टिकचा दाणा घेतला, त्यावर १८ रुपये कर दिला. पाइप १५० ला विकला, २७ रुपये कर घेतला. त्यातले आधी दिलेले १८ वजा करून उरलेले ९ त्याने सरकारात भरले. डीलरने तोच पाइप १८० ला विकला, ३२.४० रुपये कर घेतला, २७ वजा केले, ५.४० भरले. तिघांनी मिळून भरलेला कर ३२.४०, आणि तो सगळा शेवटी ज्याने पाइप जमिनीत गाडला त्या शेतकऱ्याच्या खिशातून गेला. शेतकऱ्याची केळी, कापूस विकताना तो स्वतः कर लावत नाही, म्हणून त्याला वजावटही नाही. साखळी त्याच्यापाशी संपते.

या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. बोलताना सगळे नुसतं क्रेडिट म्हणतात, आपणही तेच म्हणू. कुठलंही बिल हातात आलं की विचारायचा प्रश्न एकच: यावरचं क्रेडिट मिळणार, की हा कर अंगावर पडणार? टक्केवारी १८ आहे की ५ हा प्रश्न त्यानंतरचा.

माल गोदीत उतरतो तेव्हा

महाराष्ट्रात व्हॅट १ एप्रिल २००५ ला आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. व्हॅटच्या काळात परदेशी मालावर राज्याचा व्हॅट बंदरावर लागत नसे. तिथे केंद्राचे कर लागायचे: मूळ सीमाशुल्क, त्यावर उत्पादन शुल्काच्या बरोबरीचं एक जादा शुल्क, आणि वर ४ टक्क्यांचं विशेष जादा शुल्क. हे ४ टक्के व्यापाऱ्याला सरळ वजा करता येत नसत. माल विकून, व्हॅट भरून, मग कस्टमकडे परताव्याचा अर्ज करायचा. कित्येक लहान व्यापारी त्या कागदपत्रांच्या नादी न लागता पैसे सोडून द्यायचे.

जीएसटीने ही गुंतागुंत सोडवली. परदेशातून आलेला माल हा परराज्यातून आलेल्या मालासारखाच, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद २६९-क मध्येच आहे. म्हणून आयातीवर आंतरराज्य जीएसटी, म्हणजे आयजीएसटी लागतो. जो दर इथल्या कारखान्यात बनलेल्या मशीनला, तोच परदेशी मशीनला. कारण साधं आहे. इथल्या मशीनवर १८ टक्के आणि बाहेरच्यावर शून्य असं ठेवलं तर इथला कारखानदार उघड्या डोळ्यांनी मारला जाईल.

आता एक आकडेमोड करून बघू. पाइप ओढणारं मशीन न्हावा शेव्याला उतरलं. जहाजभाडं आणि विमा धरून कस्टमने मान्य केलेली किंमत ५०,००,००० रुपये. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के धरू: ३,७५,०००. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार: ३७,५००. बेरीज झाली ५४,१२,५००. आयजीएसटी मूळ ५० लाखांवर नाही, या बेरजेवर लागतो: १८ टक्क्यांनी ९,७४,२५०. म्हणजे माल सोडवायला एकूण १३,८६,७५० रुपये भरले.

या पावणेचौदा-चौदा लाखांत दोन वेगवेगळ्या स्वभावाचे पैसे आहेत. सीमाशुल्क आणि अधिभाराचे ४,१२,५०० रुपये कायमचे गेले, ते मशीनच्या किमतीत धरायचे. आयजीएसटीचे ९,७४,२५० मात्र क्रेडिट म्हणून तुमच्या खात्यात येतात आणि पाइप विकताना जो कर भरायचा त्यातून वजा होतात. बँकेकडे कर्जाची फाइल नेताना पुष्कळ जण सगळे चौदा लाख मशीनच्या किमतीत धरतात. तसं करून आयजीएसटीवर घसारा लावला तर त्या रकमेचं क्रेडिट मिळत नाही. दोन्हीपैकी एकच फायदा घेता येतो.

किंमत कशी धरतात हेही माहीत असावं. जहाजभाड्याचा पुरावा नसेल तर कस्टम जहाजावर चढवण्याच्या किमतीच्या २० टक्के भाडं धरतं, विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के. प्रत्यक्ष भाडं बहुतेक वेळा याहून कमी असतं, म्हणून भाड्याचं बिल वेळेवर सीएचएच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एजंटच्या, हाती देणं फायद्याचं. आणि मशीन इथे आल्यानंतर ते उभं करून देण्याचे पैसे करारात आणि बिलात वेगळे दाखवले असतील तर ते कस्टमच्या किमतीत धरले जात नाहीत. एकाच आकड्यात सगळं कोंबलं तर उभारणीवरही सीमाशुल्क लागतं, आणि ते कधीच परत येत नाही. परदेशी तंत्रज्ञ येऊन मशीन लावून गेला तर त्याच्या फीवर १८ टक्के कर तुम्ही स्वतः भरायचा आणि त्याचं क्रेडिट घ्यायचं. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात.

जहाजभाड्यावरून एक मोठा खटला झाला. भाड्यासकट किमतीवर आयजीएसटी भरून झाल्यावर त्याच भाड्यावर आयातदाराने पुन्हा रिव्हर्स चार्जने कर भरावा, असं सरकारचं म्हणणं होतं. १९ मे २०२२ ला मोहित मिनरल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. एका गोष्टीवर दोनदा कर नाही. छोट्या आयातदारासाठी हा निकाल फार मोलाचा होता.

कागदाच्या बाबतीत दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. बिल ऑफ एन्ट्रीवर, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टमकडे भरायच्या कागदावर, जीएसटी नंबर चुकला तर क्रेडिट तुमच्या २-बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, दिसतच नाही. दुरुस्ती होते, पण तोवर लाखो रुपये अडकून पडतात. गोदीतून माल सुटण्याआधी सीएचएकडून मसुदा मागवून तो नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. दुसरं, माल मुंबईच्या आयातदाराकडून घेतला असेल तर त्याच्या बिल ऑफ एन्ट्रीची झेरॉक्स तुमच्या कामाची नाही. ते क्रेडिट त्याचं. तुम्हाला त्याने दिलेलं टॅक्स इन्व्हॉइस लागतं.

क्रेडिट मिळालं, पण वापरायचं कुठे?

क्रेडिट म्हणजे रोख रक्कम नव्हे. ते विक्रीवरच्या करातून वजा होतं. विक्रीवर करच कमी असेल तर ते खात्यात पडून राहतं, आणि जळगावात हे दुखणं ठिबकवाल्यांचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक आणि तुषार संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. शेतकऱ्यासाठी चांगलंच झालं. पण प्लास्टिकचा दाणा १८ टक्क्यांनीच येतो. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी, अशी उलटी रचना असली की साठलेल्या क्रेडिटचा परतावा मागता येतो. मात्र तो फक्त कच्च्या मालावरच्या कराचा. मशीनवरचा आणि सेवांवरचा कर त्या हिशोबात धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२१ ला व्हीकेसी फूटस्टेप्सच्या प्रकरणात सेवांबद्दलचा हा नियम योग्य ठरवला. म्हणजे वरच्या उदाहरणातला कारखाना निव्वळ ठिबकच्या नळ्याच बनवत असेल तर ९,७४,२५० रुपये कागदावर त्याचे असूनही वर्षानुवर्षं हाती लागणार नाहीत. मशीन मागवायच्या आधीच हा हिशोब केला पाहिजे. निर्यात करणारा असेल तर ईपीसीजी या केंद्राच्या निर्यात प्रोत्साहन योजनेखाली मशीन सीमाशुल्क आणि आयजीएसटी न भरता आणता येतं. त्याच्या बदल्यात वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते.

डाळ मिलवाल्याची गोष्ट आणखी कठीण. जळगावची डाळ देशभर जाते. डाळीचे दाणे रंगावरून निवडणारं कलर सॉर्टर मशीन बरेच जण बाहेरून आणतात. धान्य-कडधान्य निवडण्याच्या मशीनवर पूर्वी ५ टक्के कर होता, १८ जुलै २०२२ पासून तो १८ झाला. आता तयार डाळ ३० किंवा ५० किलोच्या गोणीत विकली तर तिच्यावर जीएसटी नाही. विक्रीवर कर नाही तर खरेदीवर क्रेडिट नाही. सॉर्टरवरचा सगळा आयजीएसटी अंगावर. तीच डाळ २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पॅकिंगमध्ये विकली तर ५ टक्के कर लागतो आणि क्रेडिटचा दरवाजा उघडतो. अर्धा माल गोणीत आणि अर्धा पाकिटात असेल तर क्रेडिट पाच वर्षांत वाटून त्या प्रमाणात मिळतं. करमुक्त माल म्हणजे कर नसलेला माल, हा गैरसमज इथे उघडा पडतो. कर असतोच. तो मशीनच्या किमतीत मुरलेला असतो आणि तिथून डाळीच्या भावात उतरतो.

रावेर-सावद्याकडे केळी पिकवण्याच्या चेंबरचंही तसंच. फळं पिकवून देण्याची सेवा करमुक्त, म्हणून बाहेरून आणलेल्या कूलिंगच्या यंत्रणेवरचा कर मालकाच्या माथी.

आता बांधकाम

घर किंवा शेड बांधून देणारा ठेकेदार नेमकं विकतो काय? सिमेंट-लोखंड विकतो की मेहनत विकतो? या प्रश्नावर आपल्या देशात साठ वर्षं भांडण झालं. १९५८ मध्ये गॅनन डंकर्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बांधकामाचा करार अखंड असतो, त्यातलं सिमेंट वेगळं काढून त्यावर विक्रीकर लावण्याचा राज्याला अधिकार नाही. मग १९८२ मध्ये घटनेची ४६ वी दुरुस्ती झाली आणि करारातला मालाचा भाग राज्यांनी वेगळा काढून त्यावर कर लावावा अशी सोय झाली. पुढे केंद्राने मेहनतीच्या भागावर सेवाकर आणला. परिणाम असा की एकाच स्लॅबच्या एका भागावर मुंबईचा व्हॅट आणि दुसऱ्या भागावर दिल्लीचा सेवाकर. कुठला भाग किती, यावर वाद, आणि प्रत्येक वादात ठेकेदाराचं बिल अडकलेलं.

जीएसटीने हा तुकडे पाडण्याचा प्रकार बंद केला. मालासकट बांधकामाचा ठेका ही आता एकच सेवा, आणि तिच्यावर सर्वसाधारण दर १८ टक्के. मला ही जीएसटीतली सर्वांत चांगली सुधारणा वाटते.

पण त्याच कायद्यात कलम १७(५) आहे. त्याचं म्हणणं असं: जमिनीला जखडलेली स्थावर वास्तू बांधण्यासाठी घेतलेला ठेका, सिमेंट, लोखंड, आर्किटेक्टची फी, कशाचंच क्रेडिट मिळणार नाही, मग ती वास्तू धंद्यासाठी का असेना. अपवाद दोन. ठेकेदार स्वतः पुढे ठेक्याचंच काम विकत असेल तर त्याला उपठेकेदाराचं क्रेडिट मिळतं. आणि बांधलेली गोष्ट 'प्लँट अँड मशिनरी'त मोडत असेल तर कारखानदाराला मिळतं.

हा दुसरा अपवाद शेडवाल्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. कायद्याच्या व्याख्येत मशीन जमिनीला बसवण्याचं फाउंडेशन आणि मशीनला आधार देणारा सांगाडा हे मशीनचाच भाग धरले आहेत. जमीन, इमारत आणि इतर सिव्हिल बांधकाम मात्र बाहेर ठेवलं आहे. समजा शेडचं काम ६० लाखांचं, त्यावर कर १०,८०,०००. तो गेला. पण त्याच जागेत मशीनखाली जाड काँक्रीटचा चौथरा, बोल्टसाठी खोबणी, कंपन सहन करण्यासाठी वेगळं लोखंड असं ४ लाखांचं काम झालं, त्यावर कर ७२,०००. हे क्रेडिट हक्काचं आहे. ठेकेदाराने मात्र "एमआयडीसी प्लॉटवर शेड बांधकाम, ६४ लाख" असं एका ओळीचं बिल फाडलं तर अधिकाऱ्याला पटवणार कसं? म्हणून फाउंडेशनचं ड्रॉइंग वेगळं, वर्क ऑर्डर वेगळी, मोजमाप वेगळं आणि बिल वेगळं. हे काम सुरू होण्याआधी सांगायचं असतं. स्लॅब पडल्यावर बिल फोडून मागितलं तर ते संशयास्पद दिसतं.

पाणी कारखान्याच्या हद्दीबाहेरून पाइपलाइन टाकून आणलं तर हद्दीबाहेरच्या पाइपलाइनचं क्रेडिट नाही, कारण व्याख्येतून ती नाव घेऊन वगळली आहे. डागडुजीचं वेगळं आहे. शेडचे पत्रे बदलले, रंग दिला, गळती काढली, आणि तो खर्च त्या वर्षीच्या खर्चात टाकला, मालमत्तेच्या किमतीत वाढवला नाही, तर त्यावरचं क्रेडिट मिळतं. रंगाऱ्याच्या आणि वॉटरप्रूफिंगच्या बिलांवरचं हे क्रेडिट अनेक जण उगाच सोडतात.

इमारत बांधून भाड्याने देणाऱ्यांनी यावर मोठी लढाई लढली. दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी घेता, मग ती इमारत बांधताना भरलेला कर वजा का देत नाही, असा त्यांचा सवाल. ३ ऑक्टोबर २०२४ ला सफारी रिट्रीट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात एका ठिकाणी 'प्लँट ऑर मशिनरी' असे शब्द आहेत, आणि एखादी इमारत त्या धंद्यासाठी प्लँटचं काम करते का हे प्रत्येक प्रकरणात तपासून ठरवावं. आशा निर्माण झाली. पण २०२५ च्या वित्त कायद्याने ते 'ऑर' बदलून 'अँड' केलं, तेही १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन. दरवाजा पुन्हा बंद.

मला हे अन्यायाचं वाटतं. मूल्यवर्धित कराचा सगळा डोलारा धंद्याच्या खरेदीवरचा कर वजा मिळतो या एका वचनावर उभा आहे. कारखान्याची शेड ही काही मालकाच्या चैनीची वस्तू नाही. तिच्यात बनलेल्या प्रत्येक पाइपवर सरकार कर घेतं. स्वतःच्या बंगल्याचं सिमेंट कारखान्याच्या नावावर दाखवणारे लोक आहेत, आणि त्यांना अडवायला हे कलम घातलं असं म्हटलं जातं. पण त्यासाठी तपासणी करावी. सगळ्यांनाच चोर धरून दहा-अकरा लाख काढून घेण्याने नव्याने धंद्यात उतरणाऱ्या पोराचं कंबरडं मोडतं.

स्वतःचं घर बांधताना

अमळनेर, चाळीसगाव, शहाद्याला कुणी शिक्षक किंवा शेतकरी घर बांधायला काढतो तेव्हा ठरवायचं असतं की काम मटेरियलसकट द्यायचं की लेबर रेटने. एका स्वतंत्र घराचं, फ्लॅटच्या संकुलात नसलेलं, निव्वळ मजुरीचं काम जीएसटीतून माफ आहे. सिमेंट, सळई, वाळू, विटा तुम्ही आणल्या आणि मिस्तरीने फक्त हात चालवले तर त्याच्या मजुरीवर कर नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलावरच्या मजुरीलाही माफी आहे. मटेरियलसकट दिलं आणि ठेकेदार नोंदणीकृत असेल तर पूर्ण रकमेवर १८ टक्के.

यावरून मटेरियलसकट देणं १८ टक्क्यांनी महाग असं लोक समजतात, आणि ते अर्धंच खरं आहे. लेबर रेटमध्येही सिमेंट आणि सळईवर तुम्ही दुकानात १८ टक्के देताच (सिमेंटवर २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी २८ होते), वाळू-खडीवर ५. मटेरियलसकट ठेक्यात हा कर ठेकेदार दुकानात भरतो आणि स्वतःच्या करातून वजा करतो. म्हणजे दोन पर्यायांतला खरा फरक मुख्यतः मजुरीवरच्या आणि नफ्यावरच्या कराचा असतो.

आणि इथेच घरमालकाची फसगत होते. ठेकेदार दर काढताना सिमेंटची गोणी करासकट किमतीने धरतो, सळईही तशीच, आणि त्या बेरजेवर पुन्हा १८ टक्के लावतो. सिमेंटवरचा कर त्याला वजा मिळतो तो मिळतो, तुमच्याकडून वसूल होतो तो वेगळाच. २४ लाखांच्या ठेक्यात मालाचा करासकट खर्च १६ लाख असेल तर त्यातले दोन-सव्वादोन लाख असे दोनदा तुमच्या पदरातून जाऊ शकतात. दर ठरवताना सरळ विचारावं: "दादा, हे सिमेंट-सळईचे भाव टॅक्स धरून आहेत का टॅक्स सोडून?" जाणकार ठेकेदार या प्रश्नावर आकडा खाली आणतो.

ठेकेदार छोटा असेल, वर्षाला २० लाखांच्या आत, तर त्याला नोंदणीची गरज नाही आणि तो कर लावू शकत नाही. काही जण ५० लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेल्या ६ टक्क्यांच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत, असतात. ते ६ टक्के त्याने स्वतःच्या खिशातून भरायचे असतात, बिलात वेगळे लावून घ्यायचे नसतात. बिलावर जीएसटी दिसला की नंबर पोर्टलवर टाकून बघावा, दोन मिनिटांत कळतं.

फ्लॅट घेणाऱ्याचा हिशोब निराळा. चालू बांधकामातल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के, परवडणाऱ्या घरावर १ टक्का, आणि दोन्हींत बिल्डरला क्रेडिट नाही. परवडणारं म्हणजे एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटईक्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, आपल्याकडे जळगाव-धुळ्यात ९० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ९६८ चौरस फूट. या ४५ लाखांत पार्किंग आणि इतर आकारही मोजतात. ४५ लाखांच्या फ्लॅटवर ४५,००० कर, आणि पार्किंग धरून किंमत ४६ लाख झाली की २,३०,०००. एका लाखासाठी पावणेदोन लाखांहून जास्त कर वाढतो, म्हणून बुकिंगआधी सगळे आकार लिहून घ्यावेत. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर सगळीच्या सगळी रक्कम दिली तर जीएसटी नाही. पण दाखल्याआधी टोकन म्हणून थोडी रक्कम दिली असेल तर ही सूट जाते. मोकळा एनए प्लॉट, रस्ते-गटार-दिव्यांसह विकसित केलेला असला तरी, त्यावर जीएसटी नाही.

सरकारी कामांचे ठेकेदार हे वाचत असतील तर त्यांना १८ जुलै २०२२ चा धक्का आठवत असेल. त्या दिवशी जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या बहुतेक बांधकामांवरचा दर १२ वरून १८ झाला. अडीच लाखांहून मोठ्या कामात कार्यालय २ टक्के टीडीएस कापतं. तो पोर्टलवर स्वतः मान्य केल्याशिवाय रोख खात्यात जमा होत नाही. कापून गेले असं समजून कित्येक जण ते तसेच सोडतात.

नवापूरकडे आणखी एक पेच असतो. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि ठेकेदार पलीकडचे सर्रास येतात. बांधकामावरचा कर ठेकेदाराच्या गावावरून ठरत नाही, जमीन कुठे आहे त्यावरून ठरतो. सुरतेच्या नोंदणीवर बिल करणाऱ्याने नवापुरातल्या घराला आयजीएसटी लावायचा, गुजरातचा जीएसटी नाही. दर तोच १८, पण राज्याचा वाटा महाराष्ट्राला मिळाला पाहिजे.

राहिलं घरावरचं सोलर. साक्रीकडे सरकारी सौर प्रकल्प उभा राहिल्यापासून धुळे-नंदुरबारात छतावर पॅनेल लावणाऱ्यांची चौकशी वाढली आहे. यात परदेशी माल आणि बांधकाम दोन्ही एकाच बिलात येतात: पॅनेल किंवा त्यातले सेल बाहेरून आलेले, सांगाडा आणि उभारणी इथली. १ जानेवारी २०१९ पासून नियम असा की एकूण रकमेचा ७० टक्के भाग माल धरायचा आणि ३० टक्के सेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावर ५ टक्के, सेवेवर १८, म्हणजे सगळं मिळून ८.९ टक्के. त्याआधी मालावर १२ होते आणि एकूण १३.८ पडायचे. २ लाखांच्या कामावर जुना कर २७,६००, नवा १७,८००. घरमालकाला क्रेडिट कुठलंच नाही, हा पैसा शेवटचा आहे. त्यामुळे कोटेशनवर अजून १३.८ किंवा सरसकट १८ लिहिलेलं दिसलं तर सही करण्याआधी तो आकडा बदलून मागावा.